सोनिक टूथब्रश वापरून बघितला: आवाज, गुदगुल्या आणि मिंटचा गारवा

इलेक्ट्रिक टूथब्रशचे रिव्ह्यू वाचायला घेतले की सगळीकडे बॅटरी, मोड, चार्जर हेच असतं. तो तोंडात धरल्यावर नेमकं काय जाणवतं हे कोणी सांगतच नाही, आणि मला तर या सोनिक ब्रशमध्ये (म्हणजे ज्याचे केस खूप वेगाने थरथरतात) तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. साध्या ब्रशने घासताना हात चालू असतो आणि मन भलतीकडेच. इथे घासायचं काम ब्रश करतो, आपण फक्त तो हळूहळू एका दातावरून दुसऱ्यावर सरकवायचा, त्यामुळे लक्ष द्यायला फुरसत मिळते, आणि एकदा लक्ष द्यायला लागलं ना की दोन मिनिटांत आपल्याच तोंडाबद्दल इतकं काय काय कळतं की विचारू नका.

आवाजापासून सांगते. बॉक्सवर मिनिटाला ३१,००० हालचाली असं लिहिलंय, म्हणजे जाऊन-येऊन एक धरली तर सेकंदाला साधारण २६० वेळा, आणि पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच लक्षात येईल की हा पांढरी एकच्या अगदी जवळचा सूर झाला. हातात धरला तर नुसती बारीक गुणगुण, पण वरच्या दाढेला टेकवला की तोच सूर अख्ख्या डोक्यात भरतो, कारण आता तो फक्त हवेतून येत नाही, दात आणि कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाशी पोचतो. मोकळ्या हाताने एक कान बंद करून बघा, आवाज कमी व्हायच्या ऐवजी त्या बाजूला उलट वाढल्यासारखा वाटतो. खालच्या दाढांवर गेलं की घुमणं बदलतं, ओठ मिटले की अजून वेगळं. आणि पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कडकड वाजलं तर समजायचं की केसांऐवजी हेडचं प्लास्टिक दाताला लागतंय, हँडल जरा उभं धरायचं, लगेच थांबतं. जास्त दाबलं की सूर दबतो, जड होतो. प्रेशर जास्त झालं की पेटणारा लाल लाइट यात आहे, पण तो आहे हँडलच्या बुडाशी, मागच्या दाढा घासताना दिसणार कसा? त्यापेक्षा कान जास्त कामाचा.

स्पर्शाचं म्हणाल तर सुरुवातीला हिरड्यांना आणि नाकाच्या खालच्या भागाला भयंकर गुदगुल्या होतात, काही जण त्यामुळेच ब्रश ड्रॉवरमध्ये टाकून देतात, पण थोडे दिवस जाऊ द्या, सवय होते. दाताच्या बाहेरच्या इनॅमलला स्वतःची संवेदना नसते, तरी केस कुठल्या दातावर आहेत हे आपल्याला बरोबर कळतं, कारण दाताच्या मुळाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. डोळे मिटून घासून बघा, मस्त अनुभव आहे. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे साधारण ४५ अंशात तिरका धरला की केस त्या कडेला अलगद बसतात आणि ते बसलेलं जाणवतं.

पण स्वच्छ झालं की नाही याचा खरा निकाल जिभेकडे. सकाळी घासायच्या आधी जीभ दातांवरून, खास करून खालच्या दाढांच्या आतल्या बाजूने फिरवा, हिरडीजवळ एक मऊ, किंचित लवदार थर लागतो, तो प्लाक. घासून झाल्यावर परत तिथेच जीभ न्या, ओल्या काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. नसेल लागत तर टायमर काही म्हणो, परत ब्रश फिरवा. साध्या ब्रशपेक्षा हा ब्रश मला इथे खरंच सरस वाटला. २०१४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) सगळ्या प्रकारच्या पॉवर ब्रशचे मिळून ५६ ट्रायल्स घेतले होते, त्यात ३ महिन्यांच्या पुढे साध्या ब्रशपेक्षा प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी निघाली, म्हणजे फरक आहे, पण साधा ब्रश नीट वापरणाऱ्यांनी लगेच धावत सुटावं असंही नाही.

एक आवर्जून सांगते, मिंटवर विश्वास ठेवू नका. तो गारवा म्हणजे स्वच्छता नाही आणि खरी थंडीही नाही, तोंडाचं तापमान तेवढंच असतं, फक्त मेंथॉल आपल्या थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या रिसेप्टरला (मज्जातंतूंवरच्या एका प्रथिनाला) चाळवतं. हा रिसेप्टर २००२ मध्ये सापडला, आणि स्पर्श-तापमानाच्या या सगळ्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. घासता घासता नाक चिमटीत धरा, पुदिन्याचा वास गायब होतो आणि गारवा मात्र तसाच राहतो, इतकं स्पष्ट कळतं की वास वेगळा आणि गार लागणं वेगळं. फेसाचंही तेच, तो पेस्टमधल्या सोडियम लॉरिल सल्फेट या फेस आणणाऱ्या घटकामुळे होतो, तोंड फेसाने भरलं की वाटतं झालं आता, आणि आपण लवकर थुंकून मोकळे होतो. म्हणून या ब्रशवर मी पेस्ट वाटाण्याएवढीच घेते, फेस कमी झाला की केस काय करतायत ते नीट कळतं. पेस्ट अजिबातच सोडू नका पण, फ्लोराइड त्यातूनच मिळतं (१,००० ते १,५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग, असलेली बघा), आणि शेवटी नुसतं थुंकायचं, लगेच खळखळून चूळ भरली की ते सगळं वाहून जातं.

वासाचा विषय निघालाच आहे तर, दोन दातांच्या फटीत हा ब्रशसुद्धा पोचत नाही, जाहिरातीत काही का दाखवेनात. फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा दोरा, फिरवून त्याचा वास घेऊन बघा, ज्या फटीत घाण अडकलीय तिथला वास लगेच वेगळा येतो. थुंकीत गुलाबी दिसलं किंवा हिरडीची कड लालसर, फुगलेली दिसली तर ती सुजलेली असते, घासणं बंद करायचं नाही, आणि रोजच दिसायला लागलं तर डेंटिस्टला दाखवायचं.

आता तक्रारी. हेड आणि हँडलच्या जोडावर काळपट, चिकट गाळ साचतो, वरून दिसत नाही पण वास येतो, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी हेड काढून धुवावंच लागतं आणि हे मॅन्युअलमध्ये ठळक लिहायला हवं होतं. अॅप आहे, फोनवर दातांचा नकाशा रंगत जातो, मला ते अजिबात आवडलं नाही, डोळे स्क्रीनला चिकटले की कान आणि जीभ दोन्ही बाजूला पडतात. टायमर मात्र छान, दर ३० सेकंदांनी क्षणभर थांबतो, त्यामुळे तोंडाचे चार भाग आपोआप पडतात, घड्याळाकडे बघायला लागत नाही.

ज्यांना घाईत जोर लावून घासायची सवय आहे त्यांनी नक्की घ्या. आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांनी आधी कोणाचा तरी चालू करून ऐका. हेड घेताना सॉफ्टच घ्या आणि ३ महिन्यांनी बदला, केस त्याआधीच फाकले तर आधीच, आणि ते इतक्या लवकर फाकत असतील तर तुम्ही अजूनही दाबताय.