अटेन्शन ट्रेनिंग: काही महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, लक्ष हवं तिकडे वळवण्याच्या या सरावाने उदास विचार यायचे थांबत नाहीत. माझे तरी थांबले नाहीत. आता त्यांच्यामागे फरफटत जाणं कमी झालंय, एवढंच.

थेरपिस्टने नैराश्याच्या गोळ्यांच्या जोडीला हा सराव दिला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेलं हे तंत्र. साधारण १२ मिनिटं लागतात. डोळे उघडे, नजर एका बिंदूवर, आणि हेडफोनमधून वेगवेगळ्या दिशांनी एकाच वेळी चाललेले आवाज. आधी एकेक आवाज निवडून धरायचा. मग भराभर एकावरून दुसऱ्यावर जायचं. शेवटची दोनेक मिनिटं सगळे एकदम ऐकायचे. हा भाग अक्षरशः दमवतो. मधेच ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ ही टकळी सुरू होतेच. तिला हुसकावायचं नाही. तोही एक आवाज, चालू दे.

ध्यान किंवा रिलॅक्सेशन समजून बसाल तर चिडचिड होईल. मन फार बिथरलेलं असताना सुटका म्हणून तर हे करायचंच नसतं. विचित्र वाटतं, पण कारण पटण्यासारखं आहे: विचारांपासून पळायला वापरलं, तर ते विचार धोक्याचे आहेत हीच समजूत पक्की होते. नैराश्यात लक्ष आत वळतं आणि ‘माझंच असं का’ याचं रवंथ करत बसतं. सराव आहे तो लक्ष तिथून हलवता येण्याचा.

सुरुवातीचे आठवडे निव्वळ कंटाळा. नंतर फरक दिसला तो भलतीकडेच. कुणाचा तुटक मेसेज आला की पूर्वी अख्खी संध्याकाळ त्यातच जायची. आता मधेच लक्षात येतं आणि हातातल्या कामाकडे परतता येतं. झोप मात्र होती तशीच. सकाळी अंथरुणातून उठणंही तितकंच जड; त्यासाठी दिवसाचं वेळापत्रक आखण्याचा जास्त उपयोग झाला.

स्क्रीनवर उदास आणि निर्विकार चेहरे दाखवून बटण दाबायला लावणारा लक्षाचा सराव वेगळा. तो १९८६ च्या एका प्रयोगपद्धतीतून आलाय आणि त्याचे निकाल उलटसुलट आहेत. मी करून पाहिला, सोडला. वेल्स यांच्या तंत्राचाही फार डांगोरा पिटू नये: वारंवार येणाऱ्या नैराश्यावरच्या २००० सालच्या अभ्यासात रुग्ण होते फक्त चार.

याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर हेडफोन बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठा. तेवढी निकड नसेल, पण डोक्यातलं दळण थांबत नसेल, तर थेरपिस्टला या सरावाबद्दल जरूर विचारा.