डेबियन १२: नऊ जुने लॅपटॉप आणि एक वाटता न येणारी फाइल

आमच्या गावच्या वाचनालयाला पुण्यातल्या एका ऑफिसनं नऊ वापरलेले लॅपटॉप दिले. सगळे ४ जीबी रॅमचे, काहींच्या बॅटऱ्या गेलेल्या. संध्याकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग मीच घेते, त्यामुळे ते चालते करायचं कामही माझ्याकडेच आलं. नऊच्या नऊ मशिनवर डेबियन १२ ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. गेले सात महिने पोरं ते रोज वापरतायत, म्हणून आता खात्रीनं लिहिते आहे.

सगळ्यात आधी वायफायचं सांगते, कारण खरा फरक तिथेच पडलाय. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी पूर्वी डेबियन ११ टाकलं होतं. इन्स्टॉलर मध्येच थांबला: या हार्डवेअरला मुक्त नसलेलं फर्मवेअर लागतं, ते पेनड्राइव्हवरून द्या. खाली ‘.यूकोड’वर संपणारं एक लांबलचक नाव. ती फाइल मिळणार नेटवर, आणि नेट सुरू होणार त्या फाइलनंतर. शेवटी मोबाइल यूएसबी केबलनं जोडला, त्याच्या नेटवर बाकीचं उतरवलं, तेव्हा कुठे रात्री बारा वाजता काम संपलं. फर्मवेअर घातलेली आयएसओ (इन्स्टॉलरची डाउनलोड करायची फाइल) तेव्हाही होती, पण ‘अनधिकृत’ म्हणून वेगळी ठेवलेली. नवख्या माणसाला ती सापडणं कठीणच.

यावेळी नऊपैकी सात मशिनवर इन्स्टॉलरनं वायफायची चिप ओळखली, फर्मवेअर आपणहून चढवलं आणि वाचनालयाच्या वायफायचं नाव समोर आलं. मला काही करावंच लागलं नाही.

हे फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याच कंपन्या तो चिपमध्ये कायमचा न ठेवता दर वेळी सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून घेतात. पण त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, देत नाहीत. काही जण निदान ‘फाइल जशी आहे तशी वाटा’ एवढी परवानगी देतात, काही तीही देत नाहीत. डेबियननं १९९७ पासून वापरणाऱ्यांना दिलेलं वचन, म्हणजे त्यांचा ‘सामाजिक करार’, सांगतो की मूळ सिस्टिम पूर्णपणे मुक्त, म्हणजे कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी, असेल. त्यामुळे वाटायची परवानगी असलेल्या फाइलीसुद्धा अधिकृत इन्स्टॉलरच्या बाहेरच राहिल्या.

२०२२ मध्ये यावर डेबियनच्या सदस्यांनी मोठी चर्चा करून मतदान घेतलं. सीडी इमेजचं काम वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय जोरात लावून धरला होता. त्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: करारात दुरुस्ती करायची आणि फर्मवेअरसह एकच अधिकृत इन्स्टॉलर द्यायचा. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग झाला. प्रोसेसरचे मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आत चालणारे असेच छोटे प्रोग्रॅम) आता त्यातच आहेत. ज्यांना हे तत्त्वतः नको असेल त्यांनी बूट करताना ‘फर्मवेअर=नेव्हर’ द्यावं. विरोधात मत देणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, बंद फाइल ही बंदच असते. पण वर्गात वायफाय न चालणारं मशिन ठेवून मी पोरांना कुठलं स्वातंत्र्य शिकवणार होते? निर्णय योग्य झाला असं मला मनापासून वाटतं.

उरलेल्या दोन लॅपटॉपमध्ये दुसऱ्याच एका कंपनीची जुनी चिप निघाली. तिचं फर्मवेअर वाटायलाच परवानगी नाही. म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये फर्मवेअर नाहीच, आहे ती एक छोटी स्क्रिप्ट. ती तुमच्या मशिनवर कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवून घेते आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाच्या प्रोग्रॅमनं त्यातून फर्मवेअर कापून काढते. सोर्सेस-लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत, ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग हाताने जोडावा लागला आणि पुन्हा तोच मोबाइल, तीच केबल. टर्मिनलवर एकेक तुकडा बाहेर पडताना दिसत होता. कुणीतरी आपल्या सुट्टीच्या दिवशी बसून, परवान्यातल्या एका ओळीला वळसा घालण्यासाठी हे सगळं लिहिलंय, या विचारानं मला गलबलून आलं. ही मेहनत किती चांगल्या कामी आली असती!

बाकी थोडक्यात. इन्स्टॉलर मराठीत चालतो, एका मुलीनं शेवटचा लॅपटॉप स्वतः मराठीतूनच बसवला. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. ४ जीबीत ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि लिब्रेऑफिस एकत्र चालतं, त्याहून जास्त ताणू नका. आमच्याकडचा प्रिंटर पहिल्याच दिवशी लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलंय आणि फर्मवेअरची व्यवस्था त्यातही अशीच आहे, तेव्हा नव्यानं बसवणाऱ्यांनी सरळ तेच घ्यावं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचे ग्रंथपालकाका माझा पेनड्राइव्ह मागायला आले. त्यांच्याकडे चार लॅपटॉप आलेत, त्यातल्या दोघांत तीच जुनी चिप. आयएसओ दिली, मराठी फॉन्ट दिले, माझ्या नोट्स दिल्या. कापून काढलेलं फर्मवेअर माझ्या मशिनवर तयार होतं, कॉपी करायला सेकंदही लागला नसता. पण ते वाटायचा हक्क मला नाही. मग पेनड्राइव्हसोबत यूएसबी केबल दिली आणि कागदावर लिहून दिलं: “काका, मोबाइलवर यूएसबी टेदरिंग चालू करा, मग ‘कॉन्ट्रिब’ जोडा. अडलं तर फोन करा, मी येते.”