दवाखान्याचं उरलेलं बिल: हप्ते दवाखान्याशीच ठरवावेत की फायनान्सवाल्याचा ईएमआय घ्यावा?

विमा असला तरी थोडंफार अंगावर येतंच, आणि ते कसं द्यायचं हे डिस्चार्जच्या गडबडीत काउंटरवर उभ्या उभ्या ठरवावं लागतं. इंदूरला आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी फायनान्स कंपनीचा ईएमआय घेतला, पुढे बाबांच्या अँजिओप्लास्टीला दुसऱ्या दवाखान्यात त्यांच्याशीच हप्ते ठरवले. दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो.

मुख्य गोष्ट अशी की दवाखाना सिबिलला काही कळवत नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या या चार कंपन्यांकडे माहिती जाते ती बँका, एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या) आणि क्रेडिट कार्डवाल्यांकडून. म्हणजे दवाखान्याची उधारी आहे तोवर ती तुमच्या-त्यांच्यातली गोष्ट, पण तीच ईएमआयवर टाकली की लोन झालं आणि रिपोर्टात आलं. कार्डाचा तर विचारही करू नका, बाकी राहिली तर महिन्याला साधारण तीन-साडेतीन टक्के व्याज, आणि लिमिट भरत आलं की वेळेवर भरूनही स्कोर खाली येतो.

ईएमआय वाईट नाही हो, आधार-पॅन दिलं, ओटीपी सांगितला की काम झालं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मला नको झालं ते त्या ऑटो-डेबिटच्या तारखेमुळे. आमची दुकानाची वसुली येते दहा-बारा तारखेनंतर आणि हप्ता कापायचा पाचला, तारीख बदलून द्या म्हणून किती फोन केले पण "सिस्टिममध्ये होत नाही सर" याच्या पुढे कुणी जाईना, मग एका महिन्यात खात्यात थोडे कमी पडले, हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला, कंपनीने वेगळा लावला. पैसे गेले तर गेले, पण पुढे होमलोनला गेलो तेव्हा मॅनेजर साहेबांनी रिपोर्टातल्या नेमक्या त्याच महिन्याच्या चौकोनावर पेन टेकवलं, हप्ता किती दिवस उशिरा गेला ते त्यात असतं, सगळ्या शून्यांत तो एकच आकडा, आणि विचारलं, हे काय आहे? जानेवारी 2025 पासून तर ही माहिती दर पंधरवड्याला जायला लागली.

दवाखान्याच्या अकाउंट्समध्ये मात्र "या महिन्यात वीसला देतो" म्हटलं तर ऐकून घेतलं. अर्थात सगळेच तयार होत नाहीत, आमची डॉक्टरांशी ओळख होती. आणि पुढच्या तारखांचे चेक मागतात, ते सांभाळा, चेक परत गेला आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम 138 ची, म्हणजे चेक बाउन्सची केस होऊ शकते, ते सिबिलपेक्षा भारी प्रकरण आहे. हप्त्यांचं कागदावर लिहून घ्या, शेवटी काही बाकी नाही असं नो ड्यूजचं पत्रही घ्या. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला अडवता येत नाही, मानवाधिकार आयोगाच्या पेशंटच्या हक्कांच्या सनदेत ते आहे, तेव्हा घाबरून घाईत ओटीपी देऊ नका.

लोन आधीच थकलं असेल तर सेटलमेंटची, म्हणजे कमी पैशांत मिटवायची सूट बरी वाटते, पण रिपोर्टात "सेटल्ड" राहतं, जमत असेल तर पूर्ण भरून एनओसी घ्यावी. रिपोर्टातली नोंदच चुकीची असेल तर सिबिलसारख्या त्या कंपनीकडे किंवा लोन देणाऱ्याकडे तक्रार करा, 30 दिवसांत निपटारा नाही झाला तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

पगार एक तारखेला पक्का येत असेल तर ईएमआयने तुमचं काही अडणार नाही बहुतेक. पण कमाई पुढे-मागे होत असेल आणि दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं असेल, तर मी तरी आधी अकाउंट्सच्या खिडकीवर जाऊन विचारेन.