टोरंटोतलं हॉकी कार्डांचं दुकान: १२ टीमचा माइक सिलिंजर शोधायला गेलो होतो

मिसिसॉगाहून खास ट्रेनने गेलो, कारण मला एकाच आइस हॉकी खेळाडूची कार्डं हवी होती, माइक सिलिंजर. आपल्याकडच्या लोकांना नाव माहीत नसेल पण हा कॅनडातल्या रेजायनाचा पोरगा १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) डेट्रॉइटने ११ व्या नंबरवर घेतला आणि मग अनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया करत करत एनएचएल या मोठ्या आइस हॉकी लीगच्या एकूण १२ टीमकडून खेळला, १०४९ मॅचेस, २४० गोल आणि लीगची ट्रॉफी, स्टॅनली कप, एकदाही नाही! दर वेळी नवं गाव, नवं घर, बायकोमुलांची उचलबांगडी, तरी फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांतली पकसाठीची झटापट) जिंकून देणारा म्हणून प्रत्येक कोचला हवाच असायचा. ३५ व्या वर्षी न्यूयॉर्क आयलंडर्सकडून २६ गोल मारले, त्याच्या आदल्याच सीझनला ३२, ते करिअरमधले सगळ्यात जास्त. मला हा माणूस फार आवडतो राव.

दुकानाचं म्हणाल तर मस्त. काकांनी स्टार लोकांचे अल्बम बाजूला ठेवून खालचे खोके काढून दिले, दीड तास बसलो, ९ टीमची कार्डं मिळाली. एकाचा कोपरा दुमडलेला निघाला, ते घरी आल्यावर कळलं, पण परत गेलो तर न बोलता बदलून दिलं. भाव रास्त. पार्किंग मात्र नाही, आणि फक्त कॅश घेतात.

त्या १२ पैकी कोलंबस टीमचं कार्ड पहिल्या पानावर लावलंय, कारण २०२१ ला त्याच टीमने माइकच्या पोराला, कोलला, ड्राफ्ट केलं. उरलेल्या ३ साठी पुढच्या शनिवारी परत जाणार.