आफ्रिकेतल्या शिबिराची औषधं: गोव्यातून न्यावीत की तिथेच घ्यावीत?

युगांडा किंवा केनियाला पॅरिशचं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचं, वैद्यकीय पथक जायचं ठरलं की डॉक्टर, तारखा, मुरगावला घ्यायची पिवळ्या तापाची लस, हे सगळं यथावकाश जुळतं. समितीत वाद उरतो तो औषधांचा. बॅगा भरून इथून न्यायची, की यजमान मिशन हॉस्पिटलामार्फत तिथेच विकत घ्यायची? आमच्याकडे दोन्ही करून झालं आहे, त्यावरून हे लिहितो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकेल.

इथून नेण्याच्या बाजूने पहिला मुद्दा भावाचा. जनऔषधी केंद्रातल्या किंवा मडगावच्या एखाद्या होलसेलरकडच्या जेनेरिक गोळ्यांचा दर तिथे सहसा मिळत नाही. औषधं डॉक्टरांच्या सवयीची असतात. शिवाय पैसे परदेशी पाठवावे लागत नाहीत, आणि हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. धर्मादाय ट्रस्टने आपलं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर आयकराची सूट आपोआप लागू होत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वर्गणीतून तिथलं बिल भागवण्याआधी सीएला विचारा. स्वयंसेवकांनी आपापल्या खात्यातून एलआरएसखाली (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना), बँकेत ए-२ फॉर्म भरून, थेट हॉस्पिटलच्या खात्यात पैसे पाठवणं त्यातल्या त्यात सोपं.

एवढं असूनही माझं मन फिरलं ते यादीमुळे.

औषधं आत न्यायची तर युगांडात नॅशनल ड्रग ऑथॉरिटी आणि केनियात फार्मसी अँड पॉयझन्स बोर्ड यांच्याशी गाठ असते. त्यासाठी यादी करायची म्हणजे जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, नग, बॅच नंबर, एक्स्पायरी, प्रत्येक बॅचला वेगळी ओळ. एकाच होलसेलरचा माल असेल तर हे तासाभराचं काम. पण पॅरिशमध्ये औषधं गोळा होतात ती दवाखान्यांतल्या खोक्यांतून: एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेली दोन-तीन गोळ्यांची सॅम्पलं आणि घराघरांतून आलेल्या अर्ध्या स्ट्रिपा. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या शंभर पाकिटांत वीस-पंचवीस बॅच सहज निघतात. बॅच आणि एक्स्पायरी बऱ्याचदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते. फार्मसीवाल्याने नेमका तोच तुकडा कापून दिला असेल तर उरलेल्या गोळ्यांचा काही पत्ताच नाही. आणि रविवारच्या मिस्सानंतर कुणी प्रेमाने आणखी एक पिशवी आणून ठेवली की यादी पुन्हा पहिल्यापासून.

बरं, एवढं करून हातात काय उरतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सॅम्पलं आणि रुग्णांनी परत केलेली औषधं द्यायचीच नसतात, आणि माल पोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. हा नियम प्रामाणिकपणे लावला तर ढिगातलं बहुतेक सगळं बाद. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक तर चुकूनही बॅगेत नको. 2018 पासून ते आपल्याकडेही एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. निमेसुलाइड-पॅरासिटामॉलसारखी आपली जोड-औषधं तिथल्या नर्सला ओळखू येत नाहीत, मग ती तशीच पडून राहतात.

तिथे खरेदी करायची तर व्यवस्था जुनी आहे. कंपालाच्या न्साम्ब्यामधलं जॉइंट मेडिकल स्टोअर 1979 पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वैद्यकीय मंडळं मिळून चालवतात. नैरोबीत 1986 पासून मेड्स हे तसंच औषध-भांडार आहे, तेही दोन्हीकडच्या चर्चच्या भागीदारीतलं. यजमान हॉस्पिटलचं तिथे खातं असेल तर त्यांच्या फार्मासिस्टने ऑर्डर द्यायची, आपण पैसे भरायचे. रोज दीडशे रुग्ण धरून पाच दिवसांचे साडेसातशे. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाला दहा-दहा पॅरासिटामॉल म्हणजे अडीच हजार गोळ्या, हजाराचे तीन डबे. मुलांसाठी विरघळणारं अ‍ॅमॉक्सिसिलिन मिळालं तर सिरपच्या बाटल्यांचं ओझं नाही, ती कालवायला स्वच्छ पाणी शोधणं नाही. मलेरियासाठी आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन, व्हिक्टोरिया सरोवराकाठी बिल्हार्झियासाठी (गोड्या पाण्यातून होणारा कृमींचा आजार) प्राझिक्वांटेल ही तिथल्या फार्मासिस्टची नेहमीची औषधं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उमेदीची वर्षं घालवलेल्या डॉक्टरलाही बिल्हार्झिया क्वचितच पाहायला मिळालेला असतो. ब्लडप्रेशरच्या रुग्णाला आपण सुरू केलेली गोळी पथक परतल्यावरही त्याच हॉस्पिटलात मिळते, आणि उरलेला साठा त्यांच्या कपाटात जातो.

त्रास इथेही आहेत. दोन महिने आधी ऑर्डर गेली नाही तर ऐनवेळी एखादं औषध नसतं. डब्यातल्या गोळ्या सुट्या असतात. कागदी पाकिटं, मोजायचा ट्रे आणि डोस लिहिणारं कुणीतरी हवं. स्ट्रिपची सवय असलेले आपले स्वयंसेवक पहिल्या दिवशी अडखळतात. सगळे डबे एकदम उघडू नका, दमट हवेत गोळ्या खराब होतात.

सध्या आमच्या बॅगांत चाळिशीचे चष्मे, मुलांच्या मापाचे बीपी कफ आणि ग्लुकोमीटर असतात, पट्ट्या त्याच कंपनीच्या. औषध एकही नाही. यजमानाचं कुठेच खातं नसेल तर मात्र इथूनच न्यावी लागतील. तेव्हा एका होलसेलरकडून, प्रत्येक औषधाची एकच बॅच, अखंड पेट्या आणि त्याच बिलावरून केलेली यादी. दारात येणाऱ्या पिशव्या त्या आठवड्यापुरत्या नम्रपणे परत करा.