क्रोशाचा तयार संच: सुया ठेवा, लोकर बदला

नवशिक्यांसाठी म्हणून ऑनलाइन जे क्रोशाचे तयार संच मिळतात, त्यांतला माल आता जवळपास सारखाच असतो. झिपची पेटी, २ ते ८ मिलिमीटरच्या बारा सुया, वीस-वीस ग्रॅमचे बारा रंगीत गोळे, खुणेच्या प्लॅस्टिक पिना, टेप, इवलीशी कात्री, ओळी मोजायचं काउंटर, शिवायच्या बोथट टोकाच्या दोन सुया, बाहुलीचे काळे डोळे आणि व्हिडिओचा क्यूआर कोड छापलेली पुस्तिका. पेटीवरचं नाव तेवढं बदलतं. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या संचाचं आहे. राखी, बारसं, दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून घरच्यांना हाताने केलेलं काही द्यायचं म्हणून शिकायला बसणाऱ्यांनी तो घ्यावा का, एवढाच प्रश्न.

सुयांसाठी घ्यायला हरकत नाही. लोकरीसाठी घेऊ नका. आणि पुस्तिकेत नमुना म्हणून दिलेलं लोकरीचं अस्वल पहिलं काम म्हणून अजिबात करायला घेऊ नका.

आधी सुया. २ पासून ६.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने चढत जाणाऱ्या, मग ७ आणि ८. यांतल्या नेहमी हातात राहतात त्या चारच: २.५, ३, ३.५ आणि ४. मऊ मुठीमुळे तासभर विणलं तरी बोटं दुखत नाहीत, हा खरा फायदा. पेटी आली की त्याच दिवशी प्रत्येक सुईची खाच जुन्या ओढणीवरून फिरवा. धागा अडकला तर खाचेत धातूचा बारीक कंगोरा राहिलेला आहे आणि तो प्रत्येक टाक्याला दोरा फाडणार. नखं घासायच्या बफरने तो निघतो, पण दोन-तीन सुया तशा निघाल्या तर घासत बसू नका, परत पाठवा. दुसरी तपासणी मुठीची. सुई एका हाताने धरून मूठ पिळून बघा. गोंद सैल असेल तर मूठ गरगर फिरते, आणि विणताना खाचेचं तोंड सारखं भलतीकडे वळतं. मुठीवर छापलेला आकडा महिना-दोन महिन्यांत घासून जातो. त्यावर आधीच पारदर्शक नेलपॉलिश लावून ठेवा.

या पेटीत नसते ती बारीक पोलादी सुई. आजीच्या ट्रंकेतल्या ताटावरच्या रुमालासारखं काम करायचं असेल तर २० नंबरच्या दोऱ्याला (नंबर वाढेल तसा दोरा बारीक) साधारण १.२५ मिलिमीटरची आणि ४० नंबरला १ मिलिमीटरची सुई लागते. ती सुटी घ्यावी लागेल. पोनी कंपनीच्या साध्या सुया चालतात. पुण्याच्या पावसाळ्यात पोलादी सुई उघडी ठेवली तर गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग उठतो, तेव्हा टोपण घालूनच ठेवा.

आता लोकर, म्हणजे संचाची दुखरी बाजू. वीस ग्रॅम ऐकायला बरं वाटतं, पण १५ सेंमी उंचीच्या साध्या बाहुलीला अंगाच्या एका रंगाची चाळीस-पन्नास ग्रॅम सहज लागते. म्हणजे धडाच्या निम्म्यात रंग संपणार. गोळ्यावर कागदी पट्टी नाही, त्यामुळे शेड नंबर नाही, रंगाचा लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर) नाही, सुईचा आकार नाही. तोच रंग बाजारात पुन्हा जुळवता येत नाही. पीळ इतका सैल असतो की सुईची खाच दोऱ्यावरून न जाता त्याच्या पदरांमधून घुसते, आणि नवशिक्याला वाटतं की आपलाच हात बसलेला नाही. काही संचांत तर मखमली लोकर देतात. ती दिसते गोड, पण तिच्यात टाकाच दिसत नाही, सगळं बोटांनी चाचपून मोजावं लागतं. शिकायला याहून वाईट लोकर नाही.

शिकायला लागते ती फिक्या रंगाची, गुळगुळीत, घट्ट पिळाची, ३ ते ४ मिलिमीटर सुईला चालणारी. काळी, गर्द निळी आणि बहुरंगी नको. यासाठी पुण्यातल्या तुळशीबाग आणि रविवार पेठेचा फेरा केलेलाच बरा. मंडई मेट्रो स्थानकावर उतरलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर आहे. शनिवार-रविवारी मात्र गर्दीत रंग नीट बघता येत नाहीत. वर्धमान, गंगा, ओसवाल या नावांची अॅक्रिलिक लोकर तिथे मागता येते. सुती दोरा वेगळा मागा. दुकानदार 'मिल्क कॉटन' म्हणून जे देतो ते बहुधा सुती-अॅक्रिलिक मिश्रण असतं: मऊ, हाताळायला सोपं, पण गरम भांड्याखाली ठेवायला नाही. शंका असेल तर घरी येऊन बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सूत कागदासारखा वास देऊन राख होतं. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, तेव्हा लडी दाराशी नेऊन उजेडात बघा, आणि एका वस्तूला लागणारी सगळी लोकर एकाच लॉट नंबरची एकदम घ्या.

किंमत तपासायची तर पेटीवरच्या मोठ्या सवलतीकडे बघू नका. बारा गोळे म्हणजे सगळी मिळून २४० ग्रॅम लोकर. तेवढीच लोकर पेठेत कितीला पडते ते विचारा, संचाच्या किमतीतून वजा करा, उरलेल्या रकमेत बारा सुया महाग वाटतात का ते ठरवा. नुसत्या बारा सुयांची पेटीही मिळते. बहुतेकांनी तीच घ्यावी.

पुस्तिकेतल्या शिकवणीत साखळी आणि क्रमाने उंच होत जाणारे तीन टाके, म्हणजे मुका खांब, अर्धा खांब, खांब, एवढं येतं. चित्रं बरी आहेत, पण सर्वांत जास्त चुकणारी जागा तिच्यात नाही: ओळीची टोकं. सरावाला २१ साखळ्या घाला, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुरू करून २० मुके खांब विणा. मग एक साखळी, काम पालटा, पुन्हा २०. चौथ्या ओळीला १८ भरले आणि पट्टी वर निमुळती व्हायला लागली, तर बहुधा पहिला किंवा शेवटचा टाका सुटतोय. दोन्ही टोकांच्या टाक्यांना खुणेची पिन लावा, हा त्रास तिथेच संपतो. खांबाच्या ओळीत तर वळायच्या तीन साखळ्याच पहिला खांब म्हणून धरतात. परतताना त्यांच्या वरच्या साखळीत खांब घालायचा राहतो आणि कडा पायरीसारखी होते. पट्टी धनुष्यासारखी वाकली तर तळाची साखळी आवळलेली आहे. फक्त साखळीपुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या.

एक गोंधळ आधीच टाळा. पुस्तिका किंवा व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचा आहे की ब्रिटिश, ते बघा. अमेरिकन 'सिंगल' आपला मुका खांब, तोच ब्रिटिश पुस्तकात 'डबल'. सुरुवातीला हे लिहिलेलं नसेल तर 'सिंगल' हा शब्द शोधा. तो आला की नमुना अमेरिकन.

आता ते अस्वल. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या कडीत, ६ मुके खांब, मग १२, १८, २४, ३० असं दर फेरीला सहाने वाढवत जायचं, हे गणित सोपं आहे. अडचण अशी की फेऱ्या स्लिप स्टिचने (उंची न वाढवणाऱ्या जोडटाक्याने) न जोडता गोल-गोल चालतात, कान, हात, पाय वेगळे विणून शिवायचे असतात आणि रिंग घट्ट ओढली नाही तर मधोमध भोक राहतं. वर पुस्तिका ४ मिलिमीटरची सुई सांगते. बाहुलीला त्याच लोकरीला ३ किंवा २.५ घ्यावी, नाहीतर टाक्यांमधून आतला कापूस दिसतो. भरायला रेक्रॉन (पॉलिएस्टरचा कापूस) घ्या. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो. पेटीतले प्लॅस्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या बाळाच्या खेळण्याला लावू नका. मागची चकती निघाली किंवा वीण सैल पडली की डोळा थेट तोंडात जातो. काळ्या दोऱ्याने भरतकाम करून डोळे काढा.

मग त्या वीस ग्रॅमच्या गोळ्यांचं करायचं काय? राख्या. एका राखीला दोन-तीन ग्रॅम लोकर पुरते, रंग जुळवायची गरज नाही आणि चूक झाली तरी दहा मिनिटांचं काम उसवायचं. २.५ ची सुई, मॅजिक रिंग, सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब धरून एकूण १० खांब, स्लिप स्टिचने जोडा. पुढच्या टाक्यात २ साखळ्या, २ खांब, २ साखळ्या, त्याच्या पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच. असं फिरत गेलं की पाच पाकळ्या होतात. दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंमी साखळीची दोरी आणि मधे एक मणी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मणी घाऊक मिळतात, पण घेताना संचातली बोथट सुई बरोबर न्या. ती मण्यातून जात नसेल तर तो मणी कामाचा नाही.

यानंतर चहाच्या कपाखालच्या चकत्या, आणि त्या शुद्ध सुती दोऱ्याच्याच. ३ ची सुई, खांबाच्या चार फेऱ्या: १२, २४, ३६, ४८. साधारण १० सेंमीची चकती होते आणि दहा-बारा ग्रॅम दोरा जातो. ५० ग्रॅमचा गोळा चार चकत्यांना जेमतेम पुरतो, काठ दुसऱ्या रंगाचा ठेवला तर निश्चिंती. कडेला लाटा आल्या तर टाके जास्त झालेत. वाटीसारखी वर वळली तर कमी पडलेत किंवा हात आवळतोय. लाल-पांढरं एकत्र विणायचं असेल तर आधी लाल दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेवा, म्हणजे रंग सुटतो का ते कळेल. झालेल्या चकत्या ओल्या करून टॉवेलवर टाचणीने गोल ताणा आणि सावलीत वाळवा. अॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लुळी पडते.

बाळाच्या टोपड्याला पुस्तिका तीन वयांचे तीन आकडे देते. त्यापेक्षा बाळाच्या आईकडून डोक्याचा घेर मागवा. घेर ४० सेंमी असेल तर टोपडं ३८ चं ठेवा, कारण वीण ताणते. ३८ ला ३.१४ ने भागलं की १२ येतात; माथ्याची चकती १२ सेंमी होईपर्यंत वाढवायची, मग न वाढवता सरळ खाली उतरायचं. बारशाला द्यायचं असेल तर थोडं मोठंच बरं, बाळ वाट बघत नाही. बंद लांब ठेवू नका, गळ्याभोवती गुंडाळले जातात. लोकर गालावर घासून बघूनच घ्या.

तोरण हा प्रकार संचाच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण दिवाळीच्या भेटीसाठी सगळ्यांना तोच करायचा असतो. इथे उलट अॅक्रिलिक चांगली, कारण दारावरच्या उन्हात तिचा रंग सुतापेक्षा जास्त टिकतो. ज्यांना द्यायचं त्यांच्या चौकटीची आतली रुंदी मागवा. पुण्यातल्या फ्लॅटची दारं सारखी नसतात. १०० सेंमीच्या पट्टीला दर १० सेंमीवर एक अशा खाली लोंबणाऱ्या ११ लडी बसतात. मधली लड २० सेंमीपेक्षा लांब ठेवली की उंच माणसाच्या कपाळाला लागते. एक लड पूर्ण करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ११ ने गुणा, पट्टीचं वजन मिळवा, वर दहा टक्के धरा: एवढी लोकर एका खेपेत आणा. लडींच्या वजनाने पट्टी मधे झोळते, म्हणून मागून सुती नाडी शिवा आणि अडकवायच्या कड्या टोकांना दोनच न ठेवता पाच ठेवा. टोकाचे दोरे १५ सेंमीपेक्षा आखूड कापू नका आणि बोथट सुईने तीन वेळा दिशा बदलून आत घाला. नुसती गाठ मारून कापलेलं टोक पहिल्या धुण्यात बाहेर येतं.

संचातलं बाकी सामान थोडक्यात. खुणेच्या पिना उत्तम, टेप चालतो, कात्रीने दोरा तुटण्याऐवजी चघळला जातो. ओळी मोजायचं काउंटर बोटात घालायचं आहे आणि चुकून दाबलं जातं. कागदावर रेघा ओढा. क्यूआर कोडवरचे व्हिडिओ उजव्या हाताचेच आहेत. डावखुऱ्यांनी फोन आरशासमोर धरावा किंवा उलटं दाखवणारं अॅप वापरावं. शेजारी बसून हात धरून दाखवणारं कोणी हवं असेल तर क्लास लावा, पण लावण्याआधी विचारा की नमुना वाचायला शिकवतात की फक्त बघून विणायला. दुसऱ्या प्रकारच्या क्लासमधून बाहेर पडल्यावर नवा नमुना हातात आला की पुन्हा अडतं.

घेणारच असाल तर परत करायची मुदत बघून घ्या, पेटीचं वेष्टन फाडू नका आणि सुयांची ओढणीवरची तपासणी लोकरीचे गोळे सोडायच्या आधी करा. सोडलेला गोळा दुकानं सहसा परत घेत नाहीत.