क्रूझचा इन्शुरन्स: जहाजवाल्यांचा प्लॅन की वेगळी पॉलिसी?

बडोद्याहून भूमध्य समुद्रातली क्रूझ करायची तर आधी मुंबई नाहीतर दिल्ली, मग बार्सिलोना किंवा रोम, तेव्हा कुठे जहाज, आणि जहाजवाल्यांचा प्लॅन (तो सगळ्या देशांतल्या लोकांना मिळतही नाही) बहुतेक त्यांच्याकडून घेतलेल्या गोष्टींपुरताच असतो. विमानाची तिकिटं वेगळी काढली असतील तर ती बाहेरच राहिली. प्लॅनमध्ये न बसणाऱ्या कारणाने रद्द केलं तर बऱ्याचदा रोख पैसे नाही, पुढच्या क्रूझचं क्रेडिट हातात ठेवतात. हा प्लॅन बुकिंग करतानाच होऊन जातो, तेवढी सोय आहे.

मी तरी विमा कंपनीची वेगळी ट्रॅव्हल पॉलिसीच घ्या म्हणेन. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण तेवढ्यावर थांबू नका, जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर ते धरलंय का, क्रूझ असा शब्द पॉलिसीत आहे का ते वाचा. आपल्या दांडिया बाजारातल्या काका-काकूंना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतात, ते फॉर्ममध्ये लपवू नका हो, क्लेम तिथेच अडकतो.

जहाजावरच्या डॉक्टरचं बिल सरळ केबिनच्या खात्यावर पडतं, पैसे आधी आपण भरायचे, क्लेम नंतर. म्हणून उतरण्याआधी औषधं-तपासण्या वेगवेगळ्या लिहिलेलं बिल आणि डॉक्टरचा रिपोर्ट मागून घ्या, फोटोही काढून ठेवा. आणि फ्लाइट लेट झाली तर जहाज थांबत नाही, तेव्हा एक दिवस आधीच पोचा.